वेचायचा नाही असा नारळ

देवावर तुमचा विश्वास आहे का, असं मला गेल्या वर्षीच्या कार्तिकात कुणी विचारलं असतं, तर मी बेधडक 'हो' म्हटलं असतं, आणि ते खोटं असतं. खोटं बोलण्यात माझा हात चांगला बसलेला आहे, ते पुढे येईलच. दिवा लागत होता, अथर्वशीर्षाची आवर्तनं होत होती, मंगळवारचा उपास चालू होता. पण रिकामं पातेलं ढवळत बसावं तसं ते सगळं होतं. आत काही शिजत नव्हतं.

तेव्हा आम्ही दोघीच चेन्नईत राहत होतो, वेस्ट मांबलमच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मी आणि माझी नात केतकी. केतकी अठरा वर्षांची, कराडच्या शाळेत कायम पहिली. इंजिनिअरिंगला चेन्नईत प्रवेश मिळाला तेव्हा माझ्या मुलानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले. होस्टेलमध्ये ती तीन आठवडे राहिली आणि त्यात अशी वाळली की व्हिडिओ कॉलवर तिची आई रडायलाच लागली. मग मुलगा मला म्हणाला, "आई, तू जाऊन राहा तिच्याजवळ. निदान दोन घास खाईल." एकाहत्तराव्या वर्षी मी पोळपाट-लाटणं आणि गणपतीची पितळी मूर्ती घेऊन मद्रासला निघाले. मला तमिळमधले चारच शब्द येत होते: पाल, तन्नी, वेंडाम, पोदुम. दूध, पाणी, नको, पुरे. एवढ्यावर म्हातारी माणसं आनंदानं जगू शकतात. शिकणाऱ्या पोरीचं मात्र एवढ्यावर भागत नाही.

वर्गात सर इंग्रजीत सुरुवात करत आणि विषय रंगात आला की नकळत तमिळमध्ये शिरत. मग ते काहीतरी गमतीचं बोलत, वर्ग हसे, आणि केतकीही हसे, सगळ्यांच्या मागून, एकटीच. हे तिनं मला सुरुवातीला हसत सांगितलं होतं. पुढे सांगणं बंद झालं. एकदा गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली गणिताच्या चाचणीचा पेपर घडी करून ठेवलेला. पन्नासपैकी अकरा. मी तो तसाच परत ठेवला आणि वर गादी पसरली. जणू मी काही पाहिलंच नाही.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. सकाळी पावणेसातला डबा घेऊन निघायची, संध्याकाळी पाचला यायची, आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. "काय झालं गं?" "काही नाही." "भात वाढू?" "थोडा." तेवढा थोडाही ताटात राहायचा. केस विंचरायला घेतले की कंगव्यात गुंता यायचा. तिच्या पाठीकडे बघत मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि मनात म्हणायची, हे पोर माझ्या डोळ्यांदेखत विझतंय, आणि मी काय करतेय, तर कोशिंबीर.

आणखी एक करत होते. गणपतीला धारेवर धरत होते. एकवीस मंगळवार करीन, पण हिला पास कर. रोज अकरा आवर्तनं करीन, पण हिचं चित्त लागू दे. आवर्तनं करताना एक डोळा घड्याळाकडे आणि दुसरा तिच्या पाठीकडे. पाठ तशीच. मग मी जास्त जोरात म्हणायची. देवाला ऐकू येत नसावं, किंवा येत असून तो उशी डोक्यावर घेत असावा.

आता माझ्या स्वतःच्या कॉलेजचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मी सांगलीला प्री-डिग्री सायन्सला गेले होते. तेव्हाचं कॉलेजचं पहिलं वर्ष ते. दोन वेण्या, वर लाल रिबिनी, आणि गावात पहिली आल्याचा एवढा ताठा की मान दुखावी. आमचं शिक्षण सगळं मराठीतून. पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी इंग्रजीत नाव विचारलं आणि मी म्हणाले, "येस सर." त्यांनी गाव विचारलं, "येस सर." त्यांनी काहीतरी तिसरंच विचारलं, त्यालाही मी तितक्याच उत्साहानं "येस सर." वर्ग फुटला. त्या दिवसापासून त्या शहाणीनं वर्गात पाऊल टाकलं नाही. रोज वह्या छातीशी धरून निघायची आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायची. अडीच महिने! धुणं धुणाऱ्या बायका मला ओळखायला लागल्या होत्या. दिवाळीला घरी गेले आणि वडिलांना सांगितलं की वाचताना डोळे फार दुखतात. बिचाऱ्यांनी मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे मी पाटीवरची अक्षरं मुद्दाम चुकीची वाचली. पण ते डॉक्टर वडिलांपेक्षा हुशार निघाले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघून साध्या काचेचा चष्मा दिला. तो मी लग्नापर्यंत नाकावर मिरवला. नवऱ्याला नाही सांगितलं, मुलाला नाही. घरात गोष्ट अशी झाली की आजीला शिकायची भारी हौस, पण डोळ्यांनी घात केला. ऐकणारे हळहळायचे आणि मी मान खाली घालायची, जणू केवढं सोसलंय. नट्यांनी शिकावं असं काम करायची मी!

केतकीनं सातवीत माझ्यावर निबंध लिहिला होता. आजीचं जे राहिलं ते मी पूर्ण करणार, असा त्याचा शेवट. त्याला बक्षीस मिळालं. मी तो निबंध देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता, आणि चेन्नईला येतानाही बरोबर आणला होता. एवढी माझी निर्लज्जता.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला माझ्या फोनवर कॉलेजचा संदेश आला. स्थानिक पालक म्हणून माझा नंबर दिलेला होता. इंग्रजी मला आता बऱ्यापैकी वाचता येतं. केतकी एकोणीस दिवस गैरहजर आहे, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली आहे, पालकांनी तातडीनं भेटावं. मी तीनदा वाचलं. पावणेसातला तर ती गेली होती. डबा घेऊन गेली होती. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद.

त्या क्षणी मला काय दिसलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला मांबलम स्टेशनचे रूळ दिसले. ती रोज तिथूनच गाडी पकडायची. एकोणीस दिवस ही कुठे जाते? मुलाला फोन करायला हवा होता, पोलिसांत जायला हवं होतं. मी यातलं काही केलं नाही. माणूस फार घाबरलं की सवयीचं काम करतं. मी देवघरातला नारळ उचलला, पायात मिळतील त्या चपला घातल्या आणि जिना उतरले.

गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली पिल्लैयारचं छोटं देऊळ आहे. पिल्लैयार म्हणजे आपला गणपतीच. देवळासमोर रस्त्याच्या कडेला नारळ फोडायचा दगडी चौथरा. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि नारळ दगडावर हळूहळू आपटायला लागले, आपल्याकडे फोडतात तसा; मधोमध दोन वाट्या व्हाव्यात, एक देवाची, एक आपली. खरं सांगते, त्या अवस्थेतही मला वाटत होतं की नीट दोन भाग झाले तर पोर सापडेल, नासका निघाला तर गेलं सगळं. नारळ फुटेना. मी त्या मूर्तीला तोंडानं मोठ्यानं म्हणत होते, "अरे दे ना रे, दे, दे," आणि लोक बघत होते. पुदिन्याची जुडी घेतलेली एक बाई थांबलीसुद्धा. मद्रासात मला कुणी वेडी ठरवेल याची भीती नव्हती, कारण माझं बोलणं कुणाला कळणार होतं?

"तसें नव्हे, अक्का," मागून कुणीतरी म्हणालं. "आपटून टाका. जोरानें."

मी वळले. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळावर गंधाची उभी रेघ. माझ्याच वयाचे असतील. बोलणं मराठी, पण जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, आणि त्याला तमिळ हेल. त्यांचं घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तिकडचेच, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त कळलं की कुणीतरी माझ्या भाषेत बोलतंय.

"फुटत नाही हो," मी म्हणाले.

"हळू मारलें तर कसा फुटेल? इकडे असेंच. डोक्यावरून उचला आणि सोडून द्या. चुरा होऊं द्या."

मी नारळ डोक्यावर धरला आणि सगळा जीव एकवटून आपटला. असा आवाज झाला की पिंपळावरचे कावळे उडाले. पाण्याचा शिंतोडा माझ्या चेहऱ्यावर. तुकडे कुठच्या कुठे गेले, गटाराच्या कडेपर्यंत, रिक्षाच्या चाकाखाली. आणि मी काय करावं? पदर खोचला आणि वाकून तुकडे गोळा करायला लागले. प्रसाद! घरी न्यायला नको? एकोणीस दिवस नात कॉलेजातून बेपत्ता, आणि ही बाई रस्त्यावर ओणवी होऊन खोबरं वेचतेय.

"अय्यो, वेंचूं नका, अक्का," ते गृहस्थ म्हणाले. "तें आतां आपलें नव्हे. ज्यानें फोडला त्यानें न्यायचा नाहीं. ज्याला पाहिजे तो नेईल."

तेवढ्यात तो रिक्षावाला खाली उतरला, एक मोठा तुकडा उचलला, सदऱ्याला पुसला आणि खाऊ लागला. दुसरा तुकडा त्या पुदिनावालीनं पिशवीत टाकला. माझ्या ओंजळीत चार तुकडे होते. ते मी खाली ठेवले. ते खाली ठेवताना काय झालं, मला सांगता येत नाही. मी आजवर देवाला जे जे दिलं, त्यातलं अर्धं परत घरी आणलं होतं. ही पोरसुद्धा मी त्याच्या स्वाधीन केली नव्हती; माझ्या राहिलेल्या शिक्षणाची दुसरी वाटी म्हणून तिला घट्ट धरून बसले होते. मी तिथेच चौथऱ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "ती पास होऊ नये, काही होऊ नये. नुसती असू दे. तुझी म्हणून असू दे." हे मी कुणाला म्हणाले, त्या गृहस्थांना की आतल्याला, मला आठवत नाही. पण उत्तर त्या गृहस्थांनी दिलं.

"कोण, अक्का? कोण असूं दे?"

मी सांगितलं. नात, अठरा वर्षांची, उंच, चॉकलेटी पाठपिशवी, कॉलेजला जाते म्हणून निघते आणि जात नाही.

ते म्हणाले, "ती मुलगी वाचनालयांत बसते. मी रोज पेपर वाचायला जातों. बायकांच्या मेजाशी, खिडकीकडे. बारा वाजले कीं आईला फोन करते. 'हो आई, कॉलेजांतच आहे, आतां जेवतें.' तिला वाटतें, इथें मराठी कोणाला समजतें? मला समजतें. पण परक्याच्या पोरीला मी काय विचारूं?" त्यांनी खाली पाहिलं. "आज सकाळीं पण आहे. मी छत्री विसरलों म्हणून घराकडे आलों."

छत्री विसरले म्हणून. एवढंच. मी यावर काही बोलणार नाही. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं.

वाचनालय दोन गल्ल्या पलीकडे होतं. ते गृहस्थ दारापर्यंत आले, बोटानं खिडकी दाखवली आणि पेपरांच्या टेबलाकडे निघून गेले. केतकी पाठमोरी बसली होती. समोर उघडं पुस्तक, पण नजर बाहेर, वाळत घातलेल्या कुणाच्या तरी कपड्यांवर. मी शेजारची खुर्ची ओढली. तिनं मान वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा आली नाही, नुसता थकवा.

"फोन का बंद?" मी विचारलं.

"चार्ज नव्हता."

"आणि शुक्रवारी? शुक्रवारी तर हे बंद असतं ना, पाटी पाहिली मी बाहेर."

"चेंगलपट्टूपर्यंत गाडीनं जाते. परत येते." मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. आजी, मला काही येत नाही गं. मी हुशार नव्हतेच कधी. तुला शिकायचं होतं आणि मिळालं नाही, मला मिळालं आणि मी इथे बसून राहते. तुझ्याकडे बघवत नाही मला. रोज संध्याकाळी तू दार उघडतेस ना, तेव्हा वाटतं..." काय वाटतं ते मला विचारवलं नाही.

देवळापासून निघताना मी तिला रागवायचं ठरवलं होतं. वाटेत समजूत घालायचं ठरवलं. तिथे बसल्यावर दोन्ही सुचेना. तोंडातून निघालं ते हे: "केतके, माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं."

"काय?"

"कधीच नव्हतं. मी सांगलीला वर्गात जातच नव्हते. घाटावर बसायची. अडीच महिने. मग डोळ्यांचं नाटक केलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तो चष्मा? फोटोतला?"

"साधी काच."

तिच्या नाकातून असा काही आवाज आला की टेबलावरच्या दोघी दचकल्या. हसत होती. कित्येक आठवड्यांनी. ग्रंथपाल बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. तशी ती थांबली, आणि तिचा चेहरा बघता बघता बदलला. दबक्या आवाजात म्हणाली, "मी निबंध लिहिला होता तुझ्यावर. सगळ्या शाळेसमोर वाचला होता. तू पहिल्या रांगेत बसून डोळे पुसलेस!"

"पुसले खरे."

"किती खोटारडी आहेस तू!"

"हो," मी म्हणाले. पन्नास वर्षांत हा एक शब्द मी कुणाला दिला नव्हता.

पुढे सगळं गोड झालं असं समजू नका. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रागानं जेवली मात्र पोटभर. मी मुलाला फोन करून आधी माझं सांगितलं, मग तिचं. तो माझ्यावर इतका चिडला की तिच्यावर चिडायला त्याच्याकडे काही उरलं नाही. आम्ही कॉलेजात गेलो, विभागप्रमुखांना भेटलो, हात जोडले. हजेरी फार कमी होती. तिला परीक्षेला बसू दिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या वर्षात बसायचं, आपल्यापेक्षा लहान मुलांच्या बरोबर. त्या खोलीतून बाहेर पडताना तिनं माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली.

आठ महिने ती कराडला होती. त्यातले बरेच दिवस वाईट गेले. डॉक्टरांकडे जाणं झालं, गोळ्या झाल्या. शिक्षण सोड म्हणून तिचे वडील दोनदा म्हणाले. मी तेव्हा तोंड उघडलं नाही. माझ्यासाठी ती सगळ्यात कठीण तपश्चर्या होती. एक दिवस तिनंच सांगितलं, जाऊन बघते, पण तुझ्यासाठी नाही हं आजी. मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला, मी काय मेलेय? ऑगस्टमध्ये आम्ही परत मांबलमला आलो.

आता ती पुन्हा पहिल्या वर्षाला आहे. तिला जमेल का, मला माहीत नाही. काही दिवस जाते, काही दिवस सकाळी उठताच तिचा चेहरा तसाच राखेसारखा दिसतो. परवा अकरा वाजता फोन वाजला. "आजी, आज नाही जमलं. गिंडीला उतरले. प्लॅटफॉर्मवर बसलेय." आवाज ओला होता. मी म्हटलं, "मग ये घरी. तांदळाची धिरडी घालते." "रागावणार नाहीस?" "रागावेन. पण धिरडी गरम असताना नाही."

ती येईपर्यंत मी पीठ भिजवलं आणि देवापुढे जाऊन बसले. मागायला काही आठवेना. जमू दे असं म्हणावंसं वाटलं नाही, नको असंही नाही. ती कुठे बसलीय ते तिनं स्वतः फोन करून सांगितलं होतं. एवढं खरं बोलायला मला एकाहत्तर वर्षं लागली. तिला एकोणिसाव्या वर्षी साधलं. मी हात जोडले आणि नुसतीच बसून राहिले, खाली फाटक वाजेपर्यंत.